ह्याचं आणि ह्यांचं

मी किसणी बोलतेय. नाव ऐकून बोटं मागे घेऊ नका. ज्यानं आयुष्यात एकदा तरी घाईघाईनं गाजर किसलंय, त्याच्या बोटाच्या पेरावर माझी सही असणारच. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. गाजर संपत आलं की हात आवरावा, एवढी अक्कल माणसाला हवी.

माणसाला आधी तोंड मिळतं, मग त्यात दात येतात. मला नुसते दातच मिळाले, तोंड नाही. म्हणून आजवर गप्प होते. आज बोलतेय, कारण सकाळी मला भंगारात देणार आहेत आणि आता कुणाची भीडभाड ठेवायचं कारण उरलेलं नाही.

कारखान्यात एका दणक्यात शंभर भोकं पडतात, तशी माझी पडलेली नाहीत. मला एका पत्र्याच्या कारागिरानं घडवलं. त्यानं पत्रा ठोकळ्यावर ठेवला, खिळा टेकवला आणि एकेक घाव घातला. पलीकडच्या बाजूनं पत्रा फाटून जो काटा वर आला, तो माझा दात. मार खाल्ल्याशिवाय दात येत नाहीत हे मी जन्मतःच शिकले. माझ्या एका बाजूचे दात बारीक आहेत, दुसऱ्या बाजूचे जाड. मधली एक ओळ जरा वाकडी गेलीय. कारागीर तेवढ्यात कुणाशी तरी बोलायला वळला असेल.

मालकिणीनं मला हातात घेतलं तेव्हा तिचं नवीन लग्न झालं होतं. तिनं अंगठा माझ्या दातांवरून उलटा फिरवला आणि झटकन मागे घेतला.

"अहो, ही चावते."

"मग घेऊ या," शेजारी उभा असलेला तिचा नवरा म्हणाला. "घरात तुला सोबत."

असे होते मास्तर. शाळेतले मास्तर नव्हेत, शिंपी. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि माणूस समोर आला की चेहरा बघायच्या आधी खांदे बघायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मालकीण सोडून. ती नाव घ्यायची नाही. समोर असले की 'अहो', आणि पाठीमागे 'हे'. ह्यांचा चहा, ह्यांचा चष्मा, ह्यांचं डोकं फिरलंय. एका 'ह्यां'मध्ये तिचा अख्खा संसार मावत होता.

मी शाळेत गेले नाही, तशी मालकीणही गेली नव्हती. पण किसताना माझ्याखाली रद्दीचा कागद अंथरलेला असायचा. एक हात चालू ठेवून ती खालचं अक्षर न् अक्षर लावत बसायची, आणि किसाचा ढीग वाढेल तशी बातमी झाकली जायची. कित्येक बातम्यांचा शेवट आम्हा दोघींना अजून माहीत नाही. पण वाचायला शिकलो. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणाचे उपकारही नाहीत.

तिचा सगळ्यात जास्त राग होता टिंबावर. अक्षराच्या डोक्यावरचा तो ठिपका. "एवढंसं ते. पडलं काय, न पडलं काय," ती म्हणायची.

"शिलाईत एक टाका सुटला तर चालतं का?" मास्तर विचारायचे.

"चालतं की. तुमचे किती सुटलेत मला माहीत आहे."

लेक झाली. तिचं पहिलं सफरचंद माझ्या बारीक बाजूवरून गेलं. तिला दात नव्हते तेव्हा तिचे दात मी होते, आणि हे मी मोठेपणानं सांगतेय, कारण ते खरं आहे. मग तिला स्वतःचे दात आले, जीभही आली. मग घरात मिक्सर आला. घरघर करत एका मिनिटात सगळ्याचा लगदा. किस कसा मोकळा पडतो, वेगळा वेगळा राहतो, हे बघायला कुणाला वेळ राहिला नाही. मला दारामागच्या खिळ्यावर टांगलं, आणि महिन्यातून एकदा कपड्यांच्या साबणाचे उरलेले तुकडे किसायला काढू लागले. साबण! जिच्यावरून लेकराचा पहिला घास गेला तिच्या तोंडाला फेस. वर्षानुवर्षं मी तशीच राहिले, दातांत साबण धरून.

आता बटणबद्दल.

बटण म्हणजे कुत्रा. दुकानात मशीनखाली कातरणाचा ढीग असायचा, त्यात कुठूनसं एक तपकिरी पिल्लू येऊन झोपलं. मास्तरांनी दोन दिवस पायानं ढकललं, तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठी कातरण नीट पसरून ठेवलं. मग त्या पिल्लानं एका कोटाचं मोठं बटण गिळलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, म्हणाले, वाट बघा, येईल. आलं. मास्तरांनी ते उकळत्या पाण्यातून काढून कोटाला लावलं, कारण तसं दुसरं मिळेना. कोट कुणाचा होता ते मी सांगणार नाही. ते गृहस्थ अजून वापरतात.

बटण घरी आला, मोठा झाला, म्हातारा झाला. मालकीण आधी नाक मुरडायची, मग त्याच्याशी भांडू लागली, आणि ती ज्याच्याशी भांडते तो घरचा. त्यालाही ती नावानं फार हाक मारायची नाही. 'हा' म्हणायची. ह्याचं खाणं, ह्याची जागा, ह्याचे लाड.

म्हातारपणी त्याचे दात किडले. डॉक्टरांनी बरेचसे काढून टाकले. पाकिटातलं खाणं घातलं तर तो एकेक दाणा तोंडात घ्यायचा आणि चोखून परत फरशीवर मांडून ठेवायचा. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "घरीच शिजवा. भात अगदी मऊ. कोंबडी उकडायची, हाडं सगळी काढायची. शिजलेलं हाड चिरतं आणि घशात रुततं, म्हणून हात घालून चाचपून बघा. थोडी कलेजी. अंड्याच्या टरफलाची पूड चिमूटभर. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही."

"मग त्याला चव कुठून येणार?" मालकिणीनं विचारलं.

"चव त्याला लागली म्हणजे झालं. तुम्हाला थोडंच खायचंय?" डॉक्टर हसले. "आणि गाजर, भोपळा कापून चालणार नाही. किसून घाला."

हा 'किसून' शब्द मालकीण घरी घेऊन आली आणि तडक दारामागे आली. मला खाली काढलं, गरम पाण्यात बुडवलं, ब्रशनं एकेक दात घासला. साबणाचे थर निघत होते आणि ती पुटपुटत होती, "काय दशा झालीय. चल, उठ. कामाला लाग." माझ्याशी इतकं चांगलं ती आधी कधी बोलली नव्हती.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ, मानाच्या खिळ्यावर. रोज सकाळी भोपळ्याची फोड, दोन गाजरं. एका शेगडीवर भात, दुसरीवर कोंबडी. उकडलेली कोंबडी ताटात पसरून मालकीण उजेडाला बसायची आणि बोटांनी चाचपून सुईएवढं हाडही वेचून काढायची. मग सगळं एका पातेल्यात, वरून माझा नारिंगी किस, वाफेवर नुसता मऊ होईल इतपत. गरम आहे का, हे मनगटावर थेंब टाकून बघायची, बाळाच्या दुधासारखं.

शेजारच्या गावाहून लेक आली की दारात उभी राहून बघायची. "आई, एवढं तू आमच्यासाठी नाही केलंस."

"तुला दात होते. चावे घेत होतीस सगळ्यांचे."

मग मास्तर पडले.

दुकानात, कापायच्या टेबलाशी, हातात कात्री असताना. उजवं अंग गेलं. कात्रीचा हात गेला. वाचाही गेली म्हणा ना. काही मोजके शब्द उरले, तेही मोठ्या कष्टानं बाहेर यायचे. दुकान बंद झालं. तिथलं सामान घरी आलं: खडूंचं खोकं, न नेलेले कपडे, आणि सारख्या मापाचे दोन स्टीलचे डबे. एक बटणांचा, एक हुकांचा. स्वयंपाकघराला लागून जी खोली, तिथे मास्तरांची खाट टाकली. माझ्या खिळ्यावरून खाट सरळ दिसते. बटण खाटेखाली गेला आणि तिथलाच झाला.

मोठ्या दवाखान्यातून सांगून पाठवलं होतं, मीठ बंद, सगळं पातळ, सगळं गाळून. मालकीण तांदळाची पेज करायची आणि फडक्यातून गाळायची. भाज्या शिजवून त्यांचं नुसतं पाणी. मिक्सर दिवसभर घरघरायचा. पांढरं, राखाडी, पुन्हा पांढरं. चमचा पुढे नेला की मास्तर मान भिंतीकडे वळवायचे. जन्मभर दुसऱ्यांचं शिवलं, आता स्वतःचे ओठ शिवून टाकले.

"अहो, एक घास."

काही नाही.

"एक. मग नाही म्हणणार."

तिला विनवायची सवय नव्हती. चमचा धरलेला हात अवघडून जायचा, पण ती खाली ठेवायची नाही. मास्तर दिसामासी वाळत गेले. तपासायला आलेले डॉक्टर एकदा दारात थांबून हळूच म्हणाले, "असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल." हळूच म्हणाले, पण खाट काही लांब नव्हती. मास्तरांनी डोळे मिटले. मालकीण स्वयंपाकघरात आली, माझ्यासमोर उभी राहिली. ती रडली नाही. गाजर घेतलं आणि किसायला लागली. बोट लागलं, तरी थांबली नाही.

लेक आठवड्यातून काही दिवस येऊन राहायला लागली, म्हणजे मालकिणीला बाजारात, औषधाला जाता यावं. दोघांचं खाणं सकाळीच करून मालकीण त्या दोन डब्यांत भरायची. सारखे डबे, सारखी झाकणं.

"कुठला कुणाचा?" लेकीनं विचारलं.

"थांब." खडूंचं खोकं हाताशीच होतं. मालकिणीनं एका झाकणावर लिहिलं 'ह्यांचं', दुसऱ्यावर 'ह्याचं'. "वाचता येतं ना?"

"आई, एका टिंबाचा फरक आहे."

"मग डोळे उघडून बघ."

टिंबाचा एवढा राग असलेली बाई, आणि नवरा न् कुत्रा यांच्यात तिनं एक टिंब ठेवलं. खडूचं.

जे व्हायचं ते झालं. गरम डब्याची वाफ झाकणाच्या कडेनं वर आली, ओला हात लागला, टिंब गेलं. दोन्ही झाकणांवर 'ह्याचं'. मालकीण बाजारात. लेकीनं दोन्ही झाकणं पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि जे जास्त चांगलं दिसत होतं ते बापाचं असणार असं धरून चालली. तिचं तरी काय चुकलं? एकात पांढरी पातळ पेज, दुसऱ्यात मऊ भात, कोंबडीचे बारीक धागे आणि वर नारिंगी किस.

मी खिळ्यावरून बघत होते. लेकीनं चमचा पुढे नेला. मास्तरांचं नाक हललं. मान भिंतीकडून हळूहळू इकडे वळली. आणि शिवण उसवली.

खाली बटणनं पेजेचा वास घेतला, लेकीकडे एक नजर टाकली आणि पुढच्या पंजावर डोकं ठेवून पडला. त्याचा स्वभाव गरीब, नाहीतर बोलला असता.

मालकीण पिशव्या घेऊन आत आली तर लेक डबा दाखवत होती. "आई, बाबांनी आज सगळं संपवलं. आणखी थोडं मागितलंसुद्धा, हातानं खूण करून. काय घातलंस गं आज?"

मालकिणीनं डबा बघितला. झाकण बघितलं. मग खाटेखाली बघितलं. पिशवी तिच्या हातातून सुटली नाही एवढंच.

"किस घातला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून एकच पातेलं. एकाच पातेल्यातून दोन डबे भरायची आणि झाकणांवर टिंबासकट सगळं नीट लिहायची, जसं काही वेगवेगळंच आहे. पेज बंद, मिक्सर बंद. मला इतकी सुखाची झोप कधी लागली नव्हती. मास्तर डाव्या हातानं चमचा धरू लागले. एक घास स्वतः, एक घास खाटेखाली. मालकीण दटावायची, "त्याचं त्याला आहे." पण ते ऐकायचे नाहीत.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा मास्तरांच्या गालावर जरा मांस दिसत होतं. "काय देता?"

मालकिणीनं सांगून टाकलं. भात, उकडलेली कोंबडी, किसलेलं गाजर, भोपळा, मीठ नाही.

"गिळताना ठसका लागतो?"

"नाही."

"उत्तम आहे. हे कुणी सुचवलं?"

"दुसऱ्या डॉक्टरांनी," मालकीण म्हणाली. मी खिळ्यावर हलले. वारा नव्हता.

पण लेक तिच्याच पोटची. एक दिवस लवकरच्या गाडीनं आली आणि बघते तर ओट्यावर एकच पातेलं, शेजारी टरफलाच्या पुडीची बाटली उघडी.

"आई, ही पूड तर बटणची."

"हो."

"आणि पातेलं एकच."

"दिसतंय ना."

लेकीचा आवाज चढला नाही, पण धारदार झाला. तिचे पहिले दात मीच ना. "म्हणजे इतके दिवस तू बाबांना कुत्र्याचं खायला घालत होतीस? ज्यांच्यापुढे लोक हात वर करून उभे राहायचे, त्यांना? ते बोलू शकत नाहीत म्हणून?"

"हळू."

पण खाट लांब नव्हती हे मी मघाच सांगितलंय. आम्ही तिघींनी तिकडे बघितलं. मास्तरांनी मान भिंतीकडे वळवली होती.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. लेकीनं स्वतः पेज केली, गाळली. ओठ उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. लेक रडकुंडीला आली. "माझंच चुकलं. मी बोलायला नको होतं."

"बोललीस ते खरं बोललीस," मालकीण म्हणाली. "खोटं मी लिहीत होते, झाकणावर."

मग तिनं पातेलं चढवलं. कोंबडी वेचली, भोपळा किसला. एका डब्यात लेकीची पेज भरली, दुसऱ्यात हे. झाकणं कोरडी पुसून त्यांवर खडूनं लिहिलं. पेजेवर 'ह्यांचं'. किसावर 'ह्याचं'. दोन्ही डबे स्टुलावर मांडून स्टूल खाटेशी ओढलं, खडू तिथेच ठेवला, आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"अहो, इकडे बघा. हे तुमचं. डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि हे ह्याचं, कुत्र्याचं. इतके दिवस मी तुम्हाला हे घातलं. फसवलं म्हणा. तुम्ही माझ्यादेखत वाळत होता आणि मला दुसरं काही सुचलं नाही. आता तुम्हाला कळलंय. तोंड उघडायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी नळी घालू देणार नाही, आणि आता हातही जोडणार नाही."

ती असं म्हणाली खरी. पण किसाचा डबा तिनं बोटभर पुढे सरकवला, ते मला मागून दिसलं.

मास्तर झाकणांकडे बघत राहिले. वाचत होते की काय कोण जाणे. खाटेखालून बटण बाहेर आला आणि स्टुलापाशी नाक वर करून बसला. लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मग डावा हात उठला. चमच्याकडे नाही गेला. खडूकडे गेला. मास्तरांनी आयुष्यभर ज्या खडूनं कापडावर खुणा केल्या तोच खडू उलट्या हातात धरला, किसाच्या डब्याचं झाकण जवळ ओढलं, आणि 'ह्या'च्या डोक्यावर एक टिंब दिलं. नेमकं. शिंप्याची खूण हलत नाही, हात कुठलाही असो.

'ह्याचं' होतं, ते 'ह्यांचं' झालं. आता ते मानाच्या एका माणसाचं म्हणून वाचा, नाहीतर ह्या दोघांचं म्हणून वाचा. मास्तरांनी आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग कुत्र्याच्या डोक्यावर. म्हणजे वाचणाऱ्याला शंका नको.

आणि तोंड उघडलं.

मालकिणीनं घास दिला. दुसरा दिला. मग नाक ओढून म्हणाली, "टाका बरोबर पडलाय."

लेक पेजेचा डबा घेऊन मोरीकडे गेली आणि नळ सोडून पेज ओतून टाकली.

त्यानंतर लागायचा एकच डबा. बटणांचा. त्या झाकणावर मालकिणीनं कधी पाण्याचा हात फिरवला नाही. खालचा डबा घासायची, झाकण आतून पुसायची, वरची बाजू तशीच. आणि खाटेवरून एक घास, खाटेखाली एक घास. मी आजवर पुष्कळ घरांतल्या गोष्टी रद्दीत वाचल्या. एवढं धड चाललेलं घर त्यांत नव्हतं.

पण कुत्र्याचं म्हातारपण माणसाहून घाईचं. एका सकाळी डबा उघडल्याचा आवाज झाला आणि खाटेखाली काही हललं नाही. मास्तरांनी घास धरलेला डावा हात खाली सोडला होता. तो तसाच लोंबत राहिला. मालकीण वाकली, बघितलं, आणि तो हात आपल्या हातात घेऊन वर ठेवला.

दुकानातून आलेल्या कपड्यांत एक भारी सुटाचं कापड होतं, कुणी शिवायला टाकून न्यायला न आलेलं. मास्तरांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. बटणला त्यात गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी मालकिणीनं गाजर घेतलं आणि एकदम थांबली. मग किसलं, पण सगळं सावकाश. तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. ती डबा घेऊन गेली. मास्तरांनी घास घेतला नाही. डबा बघितला, खाली फरशी बघितली, आणि मान भिंतीकडे.

मालकीण उभी राहिली. मग गुडघ्यावर हात टेकत, कण्हत कण्हत, खाली बसली. कुत्र्याच्या जागेवर, खाटेला पाठ लावून. लग्न झाल्यापासून ती त्यांच्याबरोबर कधी जेवली नव्हती. आधी हे, मग लेक, मग हा, मग उरलंसुरलं ही. तिनं चमचा भरला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

"शी," ती म्हणाली. "ह्यात मीठ नाही."

खाटेवर काहीतरी हललं.

"इतके दिवस हे खाताय? आणि एका शब्दानं बोलला नाहीत?"

मास्तरांचं अर्धं तोंड हसलं. त्यांच्याकडे फार शब्द उरले नव्हते. त्यातला एक त्यांनी खूप खालून वर ओढून काढला.

"सवय," ते म्हणाले. जरा दम खाऊन, "होते."

आणि डावा हात खाली आला, रिकामा, तळवा वर करून. मालकिणीनं त्यात चमचा दिला. एक घास वर, एक घास खाली. ती रोज तिथे बसायची आणि रोज मिठावरून कुरकुर करायची. तिच्याही दाढा तोवर गेल्या होत्या, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. किस बारीक बाजूनं पडायला लागला होता.

नंतर मास्तरही गेले. कसे, ते सांगत नाही. नळी लागली नाही, एवढं सांगते.

त्यानंतरही मालकीण एकटीसाठी एक गाजर किसायची. तिच्या हातात जोर राहिला नव्हता आणि माझेही दात बोथट झाले होते, तेव्हा किस कसला, नुसतं पाणी सुटायचं. डब्यात घालायची, झाकण लावायची, झाकण काढायची, खायची. डब्याशी भांडायची. समोर कुणी नसलं तरी माणसाला भांडावं लागतं.

आता लेक तिला आपल्याकडे नेतेय. आज दिवसभर घर आवरत होत्या. लेकीनं मला खिळ्यावरून काढलं, उलटसुलट बघितलं आणि भंगाराच्या पोत्याकडे नेलं. मालकिणीनं हात पुढे केला. मला घेतलं, अंगठा माझ्या दातांवरून उलटा फिरवला. पहिल्या दिवशी फिरवला होता तसाच. ह्या वेळी झटकन मागे घ्यावा लागला नाही.

"हिचेही गेले," ती म्हणाली. आणि तिनंच मला पोत्यात ठेवलं. मला राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

मग तिनं बटणांचा डबा घेतला, मऊ फडक्यात गुंडाळला, झाकण वर येईल असा, आणि पिशवीत अगदी वरती ठेवला.

"ह्यात काय आहे, आई?" लेकीनं विचारलं.

"काही नाही. टिंब आहे. दाब देऊ नकोस."

लेकीनं पिशवी दोन्ही हातांनी उचलली. जरा वेळानं म्हणाली, "तिकडे तुला काय करून घालू?"

"काहीही कर. मीठ कमी घाल, सवय झालीय."

तर आता मी दाराशी पोत्यात आहे. सकाळी भंगारवाला येईल. मला दया नकोय. मी कामाची बाई. फक्त जो कुणी मला उचलेल त्यानं एकदा वाकड्या ओळीवर बोट फिरवून बघावं. त्या ओळीकडे गाजर फारसं जायचं नाही, म्हणून तिथे अजून थोडी धार आहे. घरात कुणाचे दात गेले असतील, दोन पायांचं असो की चार, तर एक गाजर आणा. माझ्याच्यानं होईल तेवढं मी करीन.

मीठ मात्र विचारून घाला.